अमळनेरचे भाग : तंत्रविद्येच्या कंपन्यांत पैसे घालताना

चिखलीच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचा जो भाव निघतो तो चिखलीत ठरत नाही, हे येथील शेतकऱ्याला किंवा अडत्याला कोणी शिकवावयास नको. तो शिकागोच्या वायदेबाजारात ठरतो, ब्राझील-अर्जेंटिनातील पावसावर ठरतो, आणि दिल्लीहून निघणाऱ्या आयातीच्या हुकुमावर ठरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेला भाव सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळताच आणि नवा माल बाजारात येताच खाली आला. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभावसुद्धा कित्येकांच्या पदरात पडला नाही. रान आपले, कष्ट आपले, आणि भाव मात्र परक्या मुलखातला, अशी ही व्यवस्था आहे.

आजचा विषय वरवर पाहता याहून अगदी निराळा वाटेल. तंत्रविद्येच्या कंपन्यांचे भाग, म्हणजे ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात टेक्नॉलॉजीचे शेअर म्हणतो ते, कसे निवडावेत आणि जगाचा बाजार पालटत असताना त्यांत पैसे घालावेत की नाही, असा हा प्रश्न आहे. परंतु आपल्या देशातील बहुतेक मोठ्या संगणक-कंपन्यांचा धंदा सोयाबीनच्याच जातीचा आहे. काम पुण्या-बंगळूरात होते, गिऱ्हाईक अमेरिकेत व युरोपात असते, आणि पैसे डॉलरमध्ये येतात. म्हणून या व्यासपीठावर हा विषय उपरा ठरू नये. शिवाय भागांची खरेदी-विक्री आता खिशातल्या फोनवरून होऊ लागल्यापासून निवृत्त शिक्षकाच्या फंडाची रक्कम, दुकानदाराची शिल्लक आणि मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेले चार पैसेही तिकडे वळू लागले आहेत. तेव्हा या विषयात काही जाणून घेणे हा आता केवळ हौसेचा भाग राहिलेला नाही.

परक्या बाजाराच्या लाटेवर भाग चढण्याची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा मुंबईत आल्यावर बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या भागाला सुमारे पन्नास हजारांपर्यंत भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस उतरला, आणि तोच भाग दोन हजारांच्याही खाली गेला. प्रेमचंद रायचंदांसारखा सावकारांचा सावकार त्यात बुडाला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की कापूस खोटा नव्हता. वऱ्हाडचा कापूस पुढेही विकला जातच राहिला. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा लोहमार्ग झाला तो या कापसाच्याच वाहतुकीसाठी. माल खरा होता, गिऱ्हाईकही खरे होते. मात्र त्या धंद्याच्या भागासाठी लोकांनी जी किंमत मोजली ती कोणत्याही हिशेबात बसणारी नव्हती.

ही झाली मुंबईची गोष्ट. आता शेजारची सांगतो. मलकापूरला गाडीत बसून भुसावळ, जळगाव मागे टाकले आणि सुरतेच्या मार्गाला लागले की अमळनेर येते. साने गुरुजी जेथील शाळेत शिक्षक होते, जेथे प्रताप शेठजींनी गिरणी काढली आणि तत्त्वज्ञान मंदिरही उभारले, ते हे गाव. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशिम प्रेमजी यांनी तेथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. खानदेशात भुईमूग मुबलक. त्याचे तेल काढावे, त्याचे वनस्पती तूप करावे, उरलेल्यातून धुण्याचा साबण करावा, असा तो सरळ धंदा होता. सनफ्लॉवर हे तुपाचे नाव आणि ७८७ हे साबणाचे. कंपनीचे भाग १९४६ मध्ये लोकांना विकण्यात आले आणि अमळनेरच्या व आसपासच्या अनेक कुटुंबांनी ते पुढच्या वर्षांत घेतले. तेलाच्या गिरणीचे भाग म्हणूनच घेतले, कारण त्या वेळी ती तेलाची गिरणीच होती.

१९६६ मध्ये प्रेमजी वारले. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे शिकत असलेला त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा, अझीम, परत आला. त्या वर्षीच्या सभेत एका भागधारकाने त्याला, हा धंदा तुला पेलणारा नाही, तो कोणा जाणत्याच्या हाती देऊन टाक, अशा अर्थाचे सुनावले, असे सांगतात. पुढे कंपनीने साबण वाढविला, यंत्रांना लागणारे द्रवचालित दट्टे बनविले. १९७७ मध्ये नावातील वनस्पती गेली आणि विप्रो एवढी अक्षरे राहिली. त्याच सुमारास दिल्लीत जनता सरकार होते आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे आपली मालकी पातळ करण्याऐवजी आय.बी.एम. या बलाढ्य अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये भारतातून मुक्काम हलविला. संगणकांच्या बाजारात जागा मोकळी झाली आणि विप्रोने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तीत पाऊल टाकले. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली तेव्हा देशी संगणक बनविण्याच्या धंद्यातील रस आटू लागला. मग कंपनी परदेशी कंपन्यांसाठी प्रणाली लिहून देण्याच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाकडे वळली. तूप, साबण, दट्टे, यंत्रे, आणि शेवटी कागदावरही न दिसणारे काम, असा हा चाळीसएक वर्षांचा प्रवास आहे.

अमळनेरात ज्यांनी भाग जपून ठेवले त्यांच्या घरी लक्ष्मी आली, ही गोष्ट सर्वत्र प्रसिद्ध आहे. ती सांगणारे लोक सहसा एवढ्यावर थांबतात आणि ऐकणारा, आपल्यालाही असा एखादा भाग मिळावा, या ध्यासाने घरी जातो. मला ती गोष्ट तेथे थांबवावयाची नाही, कारण तिचा उत्तरार्ध अधिक शिकविणारा आहे.

इसवी सनाचे दोन हजारावे वर्ष जवळ आले तेव्हा जगभरच्या संगणकांपुढे एक अडचण उभी राहिली. जुन्या प्रणालींत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले होते. ००आले की यंत्र ते १९०० समजेल अशी धास्ती होती. ती दुरुस्ती करावयास भारतीय कारागीर हजारोंनी लागले. त्यातच इंटरनेट नवे होते. अमेरिकेतील नॅस्डॅक हा तंत्रविद्येच्या भागांचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोहोचला. त्याआधीच, फेब्रुवारीत, मुंबईच्या बाजारात विप्रोच्या दोन रुपये दर्शनी किमतीच्या भागाला नऊ हजार रुपयांहून अधिक भाव आला होता. पुढे नॅस्डॅक २००२ च्या ऑक्टोबरात १,११४ पर्यंत घसरला आणि जुनी पातळी पुन्हा दिसावयास २०१५ उजाडले.

आता त्या फेब्रुवारीत नऊ हजारांना विप्रोचा एक भाग घेणाऱ्याचा हिशेब करू. कंपनीने २००४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा बोनस भाग दिले. ते सर्व धरले तर त्याच्या एका भागाचे सुमारे त्रेपन्न भाग झाले. २०२४ च्या अखेरीस एका भागाचा भाव तीनशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे नऊ हजारांचे जवळजवळ सोळा हजार झाले. त्यात मधले लाभांश आणि २०१३ मध्ये साबण-तेलाचा धंदा निराळ्या कंपनीत काढला तेव्हा मिळालेले थोडेफार मिळवा. तेच नऊ हजार त्याने पंचवीस वर्षे सात टक्क्यांच्या चक्रवाढ ठेवीत ठेवले असते तर सुमारे एकोणपन्नास हजार झाले असते. कंपनी तीच, व्यवस्थापन तेच; या पंचवीस वर्षांत तिचे उत्पन्न आणि नफा पुष्कळ पटींनी वाढलाही. अमळनेरचा मनुष्य श्रीमंत झाला आणि फेब्रुवारीत घेणारा मुदत ठेवीच्याही मागे राहिला. दोघांत फरक एकच, आत शिरताना दिलेली किंमत.

हे असे का होते ते आपल्याकडच्या शेतजमिनीवरून सहज समजते. वर्षाला दहा हजार मक्ता येणारे शेत कोणी दोन लाखांना घेतले तर त्याने वीस वर्षांचा मक्ता आगाऊ दिला असे आपण म्हणतो. भागाचेही तसेच आहे. एका भागामागे कंपनीला दहा रुपये नफा होत असेल आणि भाव हजार रुपये असेल तर आपण शंभर पट मोजत आहोत. समजा, ती कंपनी खरोखर गुणी निघाली आणि तिचा नफा दहा वर्षे दरसाल पंचवीस टक्क्यांनी वाढला. तो नऊ पटींहून अधिक, म्हणजे सुमारे त्र्याण्णव रुपये होईल. दहा वर्षांनी उत्साह ओसरून लोक वीस पटच देऊ लागले, तर भाव होईल अठराशे साठ. हजाराचे दहा वर्षांत अठराशे साठ, म्हणजे दरसाल साडेसहा टक्क्यांहूनही कमी. निवड अचूक ठरली, कंपनी नऊ पट वाढली, आणि आपल्या हाती बँकेचे व्याज आले! सिस्को ही अमेरिकन कंपनी २००० च्या मार्चमध्ये काही काळ जगातील सर्वांत मोलाची कंपनी होती. इंटरनेटला लागणारी जोडयंत्रे तीच करते. इंटरनेटविषयीचे सारे भाकीत खरे ठरले, कंपनीही भरभराटीस आली. तरी २००० सालचा तिचा भाव २०२४ संपेपर्यंत परत आला नव्हता.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पुण्याचे आहे. नारायण मूर्ती व त्यांचे सहा सहकारी यांनी १९८१ मध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस सुरू केली. १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. १९९३ च्या फेब्रुवारीत तिने पंचाण्णव रुपयांना एक असे भाग विक्रीस काढले, तेव्हा ते पुरते खपलेसुद्धा नाहीत. मॉर्गन स्टॅन्ली या परदेशी पेढीने मोठा हिस्सा उचलला म्हणून निभावले. त्याच कंपनीच्या भागांसाठी सात वर्षांनी लोक हातघाईवर आले. गर्दी नसताना किंमत माफक असते आणि गर्दी झाली की ती तशी राहत नाही, एवढा साधा व्यवहार आपण कांद्याच्या बाबतीत कधी विसरत नाही. भागांच्या बाबतीत मात्र नेमका विसरतो.

परंतु किंमत माफक असली म्हणजे झाले, असेही नाही. त्याच २००० सालात पेंटामिडिया, डी.एस.क्यू. सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन अशी नावे सर्वांच्या तोंडी होती. केतन पारेख या दलालाने उचलून धरलेले हे भाग. २००१ च्या मार्चमध्ये हा डोलारा कोसळला आणि या कंपन्या सामान्य माणसाच्या हाती केवळ कागद ठेवून नाहीशा झाल्यासारख्याच झाल्या. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे या सट्ट्याला अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल या सहकारी बँकेने पैसा पुरविला होता. तीही त्याच महिन्यात बसली. ज्यांनी आयुष्यात कधी शेअर पाहिला नाही अशा ठेवीदारांचे पैसे अडकले आणि २०१२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. जिल्ह्या-तालुक्यात जेथे बहुतेकांची पुंजी सहकारी बँकांत व पतसंस्थांत असते, तेथे हे उदाहरण विसरता येणार नाही.

मग कंपनी पाहावयाची कशी? यंत्रातील खुबी आपल्याला कळत नाही हा अडथळा लोक समजतात तेवढा मोठा नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही फुकट मिळतो, आणि त्यात आपल्याला कळतील अशा पुष्कळ गोष्टी असतात. पहिली पाहावयाची ती गिऱ्हाइके. एकूण उत्पन्नातील किती भाग पहिल्या पाच-दहा गिऱ्हाइकांकडून येतो, ती कोणत्या देशात आहेत, आणि कोणत्या धंद्यातील आहेत, हे तेथे छापलेले असते. एकाच अडत्याच्या भरवशावर सारे पीक घेणाऱ्याची जी स्थिती, तीच दोन-तीन गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या कंपनीची. दुसरे नाणे. रुपया उतरला की डॉलरमध्ये कमावणाऱ्या कंपनीचे उत्पन्न आपोआप फुगते. २०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांच्या वर गेला. अशा वर्षी वाढलेल्या नफ्यात कंपनीचे कर्तृत्व किती आणि नाण्याची कृपा किती हे वेगळे करून पाहावे लागते. बहुतेक मोठ्या कंपन्या डॉलरमधील वाढ निराळी देतात. ती पाहावी.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नफा कागदावर आहे की गल्ल्यात आला आहे? ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखविलेल्या रोकडीपैकी पाच हजार कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वातच नाही. भाग एका दिवसात १७९ रुपयांवरून चाळिसाच्या आसपास आला. काहीच महिन्यांपूर्वी त्या कंपनीला उत्तम कारभाराचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते! मालकांनी आपल्याजवळचे भाग गहाण ठेवले होते, ही एक खूण तेव्हाही होती. चालकांनी किती भाग गहाण टाकले आहेत हे आज प्रत्येक कंपनीला दर तिमाहीस जाहीर करावे लागते. घर घेताना आपण सात-बारावरील बोजा पाहतो तसा हा बोजा पाहावा. पुढे सत्यम टेक महिंद्रकडे गेली आणि २०१३ मध्ये तीत विलीन झाली.

आता पालटत्या बाजाराकडे वळू. आपल्या कंपन्या आजवर मुख्यतः माणसांचे तास विकत आल्या. किती इंजिनियर, किती महिने, त्याप्रमाणे देयक. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि प्रणाली लिहिण्याचे काही काम यंत्रच करू लागले. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सीने आपल्या नोकरवर्गातील सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेने कुशल कामगारांच्या नव्या परवान्यावर एक लाख डॉलरचा आकार बसविला. तासांवर विकले जाणारे काम कमी तासांत होऊ लागले तर कंपनीने काय विकावे, हा आज त्या धंद्यापुढील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मजजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ आहे असे ते म्हणतात त्यांचा मला विशेष भरवसा वाटत नाही. परंतु कोणती कंपनी ते शोधीत आहे हे तिच्या अहवालावरून थोडेफार कळते. माणसे न वाढविता उत्पन्न वाढते आहे काय, संशोधनावर खर्च होतो आहे काय, जुनी गिऱ्हाइके टिकून आहेत काय. विप्रोने तूप सोडून संगणक धरला तेव्हा अशीच एक जुनी वाट सोडली होती. अमळनेरकरांनी त्या दिवशी संगणकाची परीक्षा केली नव्हती. त्यांच्या हाती जे होते ते धंदा बदलू शकणाऱ्या माणसांचे होते. अर्थात त्यात दैवाचाही वाटा होता. त्याच काळी गावोगावी तेलाच्या कितीतरी गिरण्या होत्या. त्यांचे भाग घेतलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

म्हणूनच एका कंपनीवर सारे लावणे मला मान्य नाही. ज्याला अहवाल वाचावयास वेळ नाही त्याने अनेक कंपन्यांचे भाग एकत्र घेणारा, कमी खर्चाचा म्युच्युअल फंड घ्यावा. जो पैसा पुढील सात-आठ वर्षांत लागणार आहे तो येथे आणूच नये. आणि वायद्यांच्या व्यवहाराला तर गुंतवणूक म्हणणेच चूक आहे. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी त्र्याण्णव टक्क्यांनी पैसा गमावलेला आढळला.

अशा व्याख्यानानंतर तरुण मंडळी हमखास विचारतात की एनव्हिडियाचे भाग चिखलीत बसून घेता येतील काय. संगणकावरील खेळांच्या चित्रांसाठी चकत्या बनविणारी ही अमेरिकन कंपनी १९९९ मध्ये बाजारात आली, आणि कृत्रिम बुद्धीला तिच्याच चकत्या लागू लागल्याने २०२५ च्या ऑक्टोबरात तिचे मोल पाच लक्ष कोटी डॉलरवर गेले. वाटेत २००२, २००८ आणि २०२२ या तिन्ही वेळी तिचा भाव निम्म्याहून अधिक खाली गेला होता, हे विचारणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. घेता येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. २०२५ च्या एप्रिलपासून त्यासाठी दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक वीस टक्के कर आगाऊ कापून घेते, आणि तो विवरणपत्र भरताना वळता मिळतो. हे परदेशी भाग विवरणपत्रात वेगळ्या तक्त्यात दाखवावे लागतात. न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड होऊ शकतो. लाभांशावर अमेरिका आधीच पंचवीस टक्के कापते. आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी नसलेली व्यक्ती साठ हजार डॉलरहून अधिक किमतीचे अमेरिकन भाग मागे ठेवून वारली, तर वरच्या रकमेवर तेथील सरकार चाळीस टक्क्यांपर्यंत वारसा-कर घेते. असे भाग घेणाऱ्याने त्यांची नोंद आपल्या पत्नीला व मुलांना कळेल अशा ठिकाणी लिहून ठेवावी, म्हणजे पुढे त्यांना निदान कोणत्या दाराशी जावयाचे हे कळेल.